कोरडे पाय

"बाई, पाय भिजवू नका. शेवाळ हाय," दाजी म्हणाले आणि दोराला बांधलेली बादली त्यांनी एका झोकात कोंडाच्या मधोमध टाकली.

मी मागच्या दगडावर उभी होते. चपला काढून शेजारच्या खडकावर ठेवल्या होत्या. सकाळचे साडेनऊ वाजले होते, हनुमान जयंती होती, आणि त्या दिवशी दुपारी बारा पंचवीसच्या मुहूर्तावर आंबेकोंड गावाला पहिला नळ मिळणार होता. जांभी नदीतला हा खोल डोह, गावाच्या भाषेत कोंड, त्याच्या काठी पंपाची खोली बांधून झाली होती. टाकीचं काम राहिलं होतं, म्हणून पंपाचं पाणी थेट देवळापुढच्या नळाला जोडलं होतं. पाणी पिण्याजोगं आहे, या दाखल्यावर सही माझी होती.

त्या वेळी मी एकोणतीस वर्षांची होते. जिल्ह्याच्या गावी पाणी तपासण्याची एक लहानशी प्रयोगशाळा होती, तिथे मी सात वर्षं नळ्या आणि बाटल्या धूत आणि पाण्यातलं क्रोम मोजत होते. नदीवर जाऊन नमुना आणायचा तो दाजी डोर्लेकरांनी. पन्नाशी ओलांडलेले, काटक, बोलायला मिठ्ठास, आणि मुळात याच आंबेकोंडचे. दर महिन्याला एकदा ते गावी मुक्कामाला जायचे, परत येताना बर्फाच्या पेटीत दोन बाटल्या आणि माझ्यासाठी केळीच्या पानात बांधलेली सुकी कोळंबी आणायचे. मी पोंक्ष्यांची, पण दाजींच्या कोळंबीपुढे माझं सोवळं टिकलं नव्हतं.

क्रोम कुठून येणार, तर रंगाच्या कारखान्यातून. त्याचं गटार गावापासून दीड मैल खाली नदीला मिळायचं. क्रोम हा विषारी धातू, पण पिणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. वास नाही, चव नाही, पोटात दुखत नाही. वर्षानुवर्षं ते मुकाट्याने आत काम करतं, आणि पोटातल्या बाळापर्यंत पोचतं की काय, हे तेव्हा कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. मर्यादा होती लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. आंबेकोंडचा आकडा बावीस महिने ०.०२ होता. एकदाही हलला नाही. मी एकेक बाटली तीन-तीनदा मोजायची, तिन्ही आकडे जुळ्या भावांसारखे यायचे, आणि आमचे धारपसाहेब म्हणायचे, "पोंक्षेबाई, हात आहे तुम्हाला!"

त्या वर्षी अहवालात एक नवा रकाना आला होता: 'अनिश्चितता'. आकडा किती इकडेतिकडे असू शकतो, ते अधिक-उणे करून लिहायचं. मी साहेबांना विचारलं होतं, "यात नदीवरचा फरकही धरायचा का? बाटली कुठे भरली, कधी भरली..."

"नदी काय मोजायची?" ते हसले होते. "अनिश्चितता म्हणजे तुमच्या हाताची. तुमचा हात हलतो किती, तेवढं लिहा."

मी लिहिलं, अधिक-उणे ०.००२. आणि खोटं कशाला बोलू, लिहिताना मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

फक्त तेरा दिवसांपूर्वी एक विचित्र गोष्ट झाली होती. दाखल्यासाठी खास नमुना हवा होता, दाजी तापाने पडले होते, म्हणून जीप घेऊन मी स्वतः आले होते. नियमाप्रमाणे एकाच जागी पाच मिनिटांच्या अंतराने दोन बाटल्या भरायच्या, म्हणजे आकड्याचा भरवसा कळतो. पहिली बाटली आली ०.०२. दुसरी आली ०.११. मी तीन-तीनदा मोजलं. तेच.

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "पाच मिनिटांत नदी पाचपट घाण होते? बाटली नीट धुतली नसणार. हा आकडा वेडा आहे, काढून टाका. आणि गटार कुठे आहे? खाली. पाणी वर चढतं का कधी? दाजींना बरं वाटलं की पुन्हा आणू द्या."

दाजी आठवड्याने गेले. दोन्ही बाटल्या ०.०२. मी सही केली.

तर हनुमान जयंतीच्या त्या सकाळी आम्ही आलो होतो ते प्रयोग दाखवायला. ही कल्पना साहेबांची. गावकऱ्यांसमोर लांब काचेच्या नळीत कोंडाचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. क्रोम असेल तर पाणी गुलाबी-जांभळं होतं, नसेल तर तसंच राहतं. "लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे," साहेब म्हणाले होते. तुलनेसाठी मी तीन नळ्या तयार करून आणल्या होत्या: ०.०२ची जवळजवळ पांढरी, ०.०५ची अगदी फिकी गुलाबी, ०.१०ची चांगली जांभळट.

दाजींच्या बादलीतलं पाणी मी नळीत घेतलं, औषध टाकलं, दहा मिनिटं थांबले. पांढरं.

"झाला जीव थंड?" दाजी म्हणाले.

"झाला."

पायऱ्यांवरून त्यांची मुलगी शेवंती चहाची किटली घेऊन उतरली. सातवा महिना होता, बाळंतपणाला माहेरी आली होती. एक हात कमरेवर, एक पायरी दोन्ही पायांनी, असं तिचं चाललं होतं.

"अगो, तुला कोनी सांगितलान खाली यायला?" दाजी ओरडले.

"आयनं. बाई शहरच्या हायत, चहाबिगर मरतील म्हनाली." ती माझ्याकडे बघून हसली. "बाई, पैली कळशी मी भरनार हाय, ठाव हाय ना? माहेरवाशीन, त्यात पोटुशी. भटजी म्हनाले, ह्याच्यापेक्षा चांगला शकुन नाय. पैला तांब्यापन मीच प्यायचा."

"मग नटूनथटून ये," मी म्हणाले.

"येतंय की! हिरवं लुगडं काढलंय."

चहा पिऊन ती गेली. दाजी मांडवाचं बघायला वर गेले. मी अहवालाच्या प्रती लावत पंपाच्या खोलीच्या सावलीत बसले. वर देवळापुढे ढोल वाजत होते, धारपसाहेबही तिथेच होते. किती वेळ गेला कळलं नाही. बाराला दहा मिनिटं कमी असताना दाजी परत आले आणि मोठ्याने हसायला लागले.

"बाई, तुमच्या चपला चालल्या बघा माहेरी!"

मी मान वर केली. माझ्या दोन्ही चपला कोंडात तरंगत होत्या, आणि त्या वरच्या अंगाला, डोंगराकडे चालल्या होत्या. ज्या खडकावर ठेवल्या होत्या तो खडक दिसत नव्हता. सकाळी मी उभी होते तो दगडही नव्हता.

"पाणी वाढलं?" मी विचारलं. "पाऊस नाही, काही नाही..."

"भरती हाय ना. आज पुनव, उधानाची भरती. खाडी फुगली की नदीला मागं रेटते. गोडंच पानी असतं, पन उलटं चालतं." काठीने चपला ओढत ते सहज बोलत होते. "म्हनून तर मी पुनवेला-अवसेला कवा येत नाय नमुन्याला. दगड बुडलेले असतात. अष्टमी-नवमी बघायची, भांगाचे दिवस, भरतीला जोर नाय, ओहोटीला दुपारचं दगड कसं सुके! मधोमध जाऊन बादली टाकली तरी पायाला पानी लागत नाय."

"दर महिन्याला?"

"बावीस महिने. ह्या गुडघ्याला वात हाय, बाई. थंड पानी लागलं की रात सोसत नाय."

मी विचारलं, "दाजी, भरती किती वाजता असते, ते कसं काढता?"

"तिथीची पाऊनपट. आमच्यात पोरासोरांना येतं. अष्टमी म्हंजे आठ, त्याची पाऊनपट सा. सा वाजता भरती, म्हंजे बाराला ओहोटी. ही बंदरातली वेळ. कोंडात यायला आनी सवा तास धरायचा."

मी बोटं मोजली. नवमी, पावणेसात, म्हणजे दुपारी ओहोटी. दाजींच्या सगळ्या बाटल्या ओहोटीच्या, गटार खालीच वाहत असतानाच्या. आज पंधरावी तिथी, सव्वा अकरा, कोंडात साडेबारा. नळाचा मुहूर्त बारा पंचवीस.

आणि मी स्वतः आले होते ती द्वितीया. दोनची पाऊणपट दीड. कोंडात पावणेतीन.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी साहेबांना सांगितली नव्हती. त्या दिवशी मी पाच मिनिटांच्या अंतराने बाटल्या भरल्याच नव्हत्या. पहिली साडेबाराला भरली. मग भूक लागली. दगडावर बसून मी डबा खाल्ला, ड्रायव्हरला पोळी-भाजी दिली, नदीकडे बघत जरा लवंडले, आणि दुसरी बाटली आठवली तेव्हा दोन वाजले होते. परत जाताना पहिला दगड पाण्याखाली होता, हेही मी पाहिलं होतं. कागदावर मी लिहिलं साडेबारा आणि बारा पस्तीस. पाच मिनिटांत नदी पाचपट घाण होत नाही, हे साहेबांचं म्हणणं बरोबर होतं. दीड तासात होते. ते एकटी मी सांगू शकत होते, आणि मी 'बाटली नीट धुतली नसेल' म्हणून मान खाली घातली होती, कारण तसं म्हणण्यात माझा डबा लपत होता.

"दाजी, बादली टाका," मी म्हणाले. "आत्ता."

"आता? काठावरून मधोमध पोचायची नाय."

"पोचेल तिथे टाका!"

माझा आवाज ऐकून त्यांनी दोर उचलला. बादली टाकली. मी नळी भरली. औषधाचे थेंब टाकताना हात इतका थरथरत होता की दोन थेंब बाहेर गेले. हात आहे तुम्हाला, पोंक्षेबाई!

बारा वाजून दोन मिनिटं झाली होती. मी नळी पांढऱ्या कागदासमोर धरली. काही नाही. एक मिनिट. दोन. मी मनात म्हणत होते, राहू दे तसंच, देवा, मी वेडी ठरू दे. तिसऱ्या मिनिटाला नळीच्या तळाशी काहीतरी हललं. उन्हामुळे वाटलं असेल म्हणून मी सावलीत सरकले. सावलीत ते जास्त स्पष्ट दिसलं. आधी ०.०२ची नळी मागे पडली, मग ०.०५ची. पाण्याचा रंग शांतपणे, कुणाची घाई नसल्यासारखा चढत होता.

दाजी माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी एवढी वर्षं बाटल्या आणल्या, पण रंग चढताना कधी पाहिला नव्हता.

"ह्या काय ता?" त्यांनी हळूच विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत आमच्या पाठीमागे पंप सुरू झाला. मुहूर्ताला अजून बराच अवकाश होता, पण पाणी वर चढायला वेळ लागतो म्हणून कुणीतरी शहाणपणा केला होता. पंपवाल्याला मी ओरडून सांगितलं, "बंद करा!" त्याने कानाला हात लावला आणि हसून मान डोलावली.

मी पायऱ्यांकडे धावले. एका हातात ०.१०ची नळी, दुसऱ्यात कोंडाची. अनवाणी होते, पायऱ्या तापल्या होत्या. बहात्तर पायऱ्या. मला आजही त्या स्वप्नात चढायला लागतात, आणि स्वप्नात मी कधी वर पोचत नाही. मागे दाजी येत नव्हते. मला वाटलं, घाबरून बसले खाली.

वर पोचले तेव्हा ढोल टिपेला गेला होता. नळाला झेंडूची माळ होती. नळ खाकरला, फसफसला, आणि धार लागली. बायांनी टाळ्या वाजवल्या. हिरव्या लुगड्यातली शेवंती वाकून कळशी धरून उभी होती.

"साहेब!" मी धारपसाहेबांजवळ गेले. बोलायला दम नव्हता. "पाणी थांबवा. हे बघा."

त्यांनी नळ्या पाहिल्या. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, ते मी पाहिलं. मग त्यांनी माझं कोपर धरून मला मांडवाच्या खांबाआड ओढलं. "किती बाटल्या?"

"एक."

"दुसरी कुठे आहे? एका बाटलीवर तुम्ही सरकारी योजना बंद पाडणार? मागच्या वेळीही एक आकडा वेडा आला होता तुमचा. तुम्हीच सही केलीत, बाई. मी नाही."

ते खरं होतं. समोर कळशी भरत होती. मी ओरडायला हवं होतं. साधं 'पिऊ नका' एवढंच. मांडवात पन्नास माणसं होती, मला ओळखत होती. पण माझी सही, साडेबारा आणि बारा पस्तीस, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि मी ओरडले नाही. भीतीने माणूस धावतो असं म्हणतात. मी नुसती उभी राहिले.

कळशी भरली. शेवंतीने तांब्या बुडवला, देवळाकडे तोंड करून नमस्कार केला आणि तांब्या ओठांशी नेला.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. दाजी आले ते गळ्यापर्यंत भिजलेले, धोतराचं पाणी गळतंय, हातात बाटली. ते मागे राहिले होते ते दुसरा नमुना घ्यायला; मधोमध, पोहत जाऊन. त्यांनी एक शब्द न बोलता तांब्याला असा फटका मारला की तो घणघणत देवळाच्या पायरीपर्यंत गेला. मग लाथेने कळशी आडवी केली. सणाच्या दिवशी, पोटुशी मुलीच्या हातची पहिली कळशी, बापाने. ढोल थांबला.

"बाबा!" शेवंती किंचाळली.

"गिळलंस? घोट गिळलास काय?"

"नाय... ओठाला लागलं नुसतं..."

त्यांनी ओल्या हाताने तिचे ओठ पुसले. मग माझ्याकडे आले आणि बाटली पुढे केली. "घ्या, बाई. दुसरी. आता करा."

मी सगळ्यांसमोर नळी भरली. साहेबांना हवा होता तसा प्रयोग झाला. तिसऱ्या मिनिटाला पहिल्या रांगेतल्या बायांनी पदर तोंडाला लावला. दहाव्या मिनिटाला ती नळी ०.१०च्या नळीपेक्षा गडद होती. साहेबांनी रुमाल काढला, परत खिशात ठेवला, आणि स्वतः चालत जाऊन नळ बंद केला. तेवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मग दाजींची बायको अनुसूया पुढे आली. तिने नळ्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "पन ह्येच पानी..." ती म्हणाली, "विहीर आटली की होळीपासून पावसापर्यंत आमी कोंडातनंच आनतो. तुमीच सांगितलंत ना, मी सोता तपासायला नेतो, बिनघोर प्या म्हनून? गुदस्ता प्यायलो. औंदा शेवंती आल्यापासनं पितेय."

दाजी खाली बसले. त्यांच्याभोवती पाण्याचं थारोळं झालं होतं. त्यांनी मला विचारलं, "किती वेळा, बाई? किती वेळा वर आलं असंल ता?"

"सांगता येत नाही, दाजी."

"अंदाज?"

"अंदाजही नाही. आपण बघितलंच नाही कधी."

मांडव रिकामा झाला. साहेब जीपमध्ये जाऊन बसले. मी आणि दाजी पुन्हा कोंडावर उतरलो. भरती पुरी होऊन पाणी थांबलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं: द्वितीया, दुसरी बाटली, दोन वाजता भरलेली आणि बारा पस्तीस लिहिलेली, ०.११. सांगताना मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

ते म्हणाले, "डबा खाल्लात ना त्या दिवशी? पोटभर?"

सात वर्षांत दाजी मला वाकडं बोलले नव्हते. त्या दिवशीही आवाज चढला नाही. मी रडायला लागले तर त्यांनी थांबवलंही नाही. थोड्या वेळाने ते तसेच पाण्यात शिरले, कमरेपर्यंत गेले आणि हात मागे केला.

"द्या बाटली. ओहोटी सरेस्तोवर दर पाव तासाला घेऊ. येळ बरोबर लिवा."

मी साडी खोचली आणि त्यांच्या मागे पाण्यात उतरले. संध्याकाळपर्यंत एकोणीस बाटल्या भरल्या. त्यांतला एकही आकडा दुसऱ्यासारखा नव्हता. त्या अहवालात मी द्वितीयेची खरी वेळ लिहिली, सही परत घेतली, आणि पुढे जे भोगायचं ते भोगलं. नळ दोन वर्षांनी आला, डोंगरातल्या झऱ्यावरून.

शेवंतीला जूनच्या शेवटी मुलगी झाली. बाराव्या दिवशी मी बघायला गेले. गोरीपान, भुकेजलेली, चांगली सात पौंडांची. शेवंतीने तिला माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती चहा टाकायला आत गेली. मी दुपट्याचं टोक बाजूला केलं आणि हातापायांची बोटं मोजली. वीस. मग पहिल्यापासून पुन्हा मोजली.

मान वर केली तर दाजी दारात उभे होते.

"वीसच हायत, बाई," ते म्हणाले. "मी रोज मोजतो."